नैराश्यावरील उपचारांसाठी मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा: एका नातेवाइकाचा अभिप्राय

माझ्या थोरल्या भावाच्या नैराश्यावर ज्या मनोविकार विभागाच्या बाह्यरुग्ण सेवेत उपचार झाले, तिच्याविषयी त्याच्या संमतीने लिहीत आहे. माझ्या काही तक्रारी असल्यामुळे विभागाचे नाव देत नाही. शिवाय नावापेक्षा, अशी सेवा चांगली आहे की नाही हे कशावरून ओळखावे, ते सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. केवळ औषधाच्या चिठ्ठीवरून ते कळत नाही. चिठ्ठी लिहिण्याआधी काय काय विचारले गेले आणि औषध सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यांत रुग्णाकडे कितपत लक्ष दिले गेले, यावरून ते कळते.

पहिल्या बाबतीत ही सेवा उत्तम आहे. उदासी, झोप, भूक, थकवा, एकाग्रता आणि अपराधीपणाची भावना यांविषयी डॉक्टरांनी विचारले, ते अपेक्षितच होते. त्यानंतर मात्र त्यांनी बराच वेळ अगदी उलट दिशेने चौकशी केली: पूर्वी कधी झोप फार कमी होऊनही थकवा जाणवत नव्हता असे दिवस आले होते का, बोलणे किंवा खर्च आवरेनासा झाला होता का, घराण्यात कोणाला असा त्रास होता का. दादाची परवानगी घेऊन हेच प्रश्न त्यांनी मलाही विचारले, कारण तेजीच्या अवस्थेतून गेलेल्या माणसाला तो काळ आजाराचा वाटलेलाच नसतो आणि त्यामुळे तो आपणहून त्याविषयी सांगत नाही. नैराश्य आणि उन्माद (म्हणजे अशी तेजीची अवस्था) हे दोन्ही ज्यात येतात, त्या बायपोलर विकाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानेच होते आणि अशा रुग्णाला नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद उफाळून येण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी लिथियमसारखी, मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे लागतात. उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली मांडले आणि आजही ते या विकारावरचे प्रमुख औषध आहे. मात्र त्याची रक्तातील पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉइड यांची नियमित तपासणी करावी लागते. दादाच्या बाबतीत तशी वेळ आली नाही, पण ही शक्यता आधी तपासली गेली याचे मला मोठे समाधान आहे.

त्याच भेटीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व यांच्या तपासण्या लिहून दिल्या आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी मागितली. थायरॉइडचे कार्य मंदावले तर नैराश्याशी मिळतीजुळती लक्षणे दिसतात, आणि स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही मनःस्थिती बिघडते.

कारणांविषयी डॉक्टर जे बोलले तेही मला प्रामाणिक वाटले. ‘मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे एक रसायन) कमी पडले आहे’ असे एका वाक्यातले उत्तर त्यांनी दिले नाही. प्रचलित औषधे सेरोटोनिनच्या वहनावर परिणाम करतात, परंतु तेवढ्यावरून त्याची कमतरता हेच आजाराचे मूळ असल्याचे सिद्ध होत नाही. जुळ्यांवरील अभ्यासांतून नैराश्यातील आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के दिसतो. बालपणीचे आघात, जवळच्या माणसाचा वियोग, दीर्घ आजार, मद्यपान आणि एकाकीपणा यांचाही त्यात हात असतो, आणि एकाच रुग्णात यांपैकी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असू शकतात. हे ऐकल्यावर ‘आपण दुबळे आहोत म्हणून असे झाले’ हे दादाचे पालुपद लगेच थांबले नाही, पण त्याचा जोर ओसरला.

औषध सुरू झाल्यावर मळमळ आणि अस्वस्थता आधी येते, तर गुण यायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या याच काळात अनेक रुग्ण गोळ्या सोडून देतात. इथल्या परिचारिकेने दुसऱ्या आठवड्यात आपणहून फोन करून त्रास कितपत आहे आणि मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारले. २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत असे विचार वाढू शकतात, म्हणून त्यांच्यावर अधिक बारीक लक्ष ठेवले जाते. दादा त्या वयाचा नसूनही त्याला हा प्रश्न विचारला गेला. या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट मी या फोनला म्हणेन. प्रत्येक भेटीपूर्वी नैराश्याची तीव्रता मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतात. तिचे एकूण गुण शून्य ते २७ असल्याने सुधारणा आहे की नुसता भास, हे आकड्यांत दिसते.

उणीव आहे ती मानसोपचाराच्या, म्हणजे संवादातून होणाऱ्या उपचारांच्या बाजूला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पहिली वेळ मिळण्यासाठी फारच थांबावे लागले. वास्तविक मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषध आणि मानसोपचार यांची जोड नुसत्या औषधापेक्षा अधिक उपयोगी ठरते. भेटी सुरू झाल्यावर मात्र काम चोख होते. दादाला एक तक्ता दिला होता. त्यात आंघोळ, गॅलरीत बसणे, मित्राला फोन करणे अशी लहान कामे लिहायची, त्यातून किती बरे वाटेल याचा दहापैकी अंदाज आधी मांडायचा आणि काम झाल्यावर प्रत्यक्षात किती वाटले ते शेजारी लिहायचे. अंदाजाच्या रकान्यात तो ओळीने शून्य लिहीत गेला, पण शेजारच्या रकान्यात मित्राच्या फोनपुढे तीन आला. त्या तीनवर सायकॉलॉजिस्टनी जवळजवळ पूर्ण भेट खर्च केली, आणि ते मला अगदी योग्य वाटले, कारण ‘कशानेच बरे वाटणार नाही’ हा त्याचा अंदाज चुकल्याचे त्यातून दिसत होते.

आणखी दोन तक्रारी आहेत. लैंगिक इच्छेवर होणारा परिणाम हा या औषधांचा सर्वपरिचित दुष्परिणाम असूनही दादाने विचारेपर्यंत कोणी त्याचा उल्लेख केला नाही. आणि लागोपाठ दोन भेटी चुकल्यास नाव यादीतून काढण्याचा येथील नियम या आजाराच्या रुग्णांवर अन्याय करणारा आहे, कारण ज्याला अंथरुणातून उठणेच जमत नाही तोच भेट चुकवतो.

बरे वाटू लागल्यानंतरही औषध निदान सहा महिने चालू ठेवायचे, मग चक्कर, बेचैनी आणि झोपमोड टाळण्यासाठी मात्रा हळूहळू उतरवायची, असा लेखी आराखडा त्यांनी दिला आहे. आजार उलटत असल्याची दादाची स्वतःची लक्षणे त्यात त्याच्याच शब्दांत लिहिली आहेत: पहाटे फार लवकर जाग येणे आणि फोन न उचलणे. ज्यांना नियमित, शांतपणे चालणारे उपचार हवेत त्यांना मी ही सेवा नि:संकोच सुचवीन. मात्र संध्याकाळनंतर येथे कोणीही उपलब्ध नसते, म्हणून रुग्ण आत्महत्येचे बोलत असेल किंवा अन्नपाणी सोडून बसला असेल, तर या विभागाच्या वेळेची वाट न पाहता त्याला थेट आपत्कालीन विभागात न्यावे.