दोन दिवसांत गुण देणारी पुडी

सांधेदुखीवर 'शंभर टक्के वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि कॅप्सूलांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं मिसळलेली सापडतात. कधीकधी जोडीला डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामकही असतं. लेबलावर मात्र फक्त मुळ्या-पाल्यांची नावं. 2022 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांधेदुखीच्या एका 'पूरक आहारा'त डेक्सामेथासोन आणि डायक्लोफेनॅक सापडल्याचा जाहीर इशारा दिला होता.

ही फसवणूक पचते, कारण विकणारा जे जे औषधाच्या गुणाचा पुरावा म्हणून दाखवतो, ते ते स्टिरॉइडचंच लक्षण असतं.

आधी झटपट आराम. आमवातावर (सांधे सुजवणारा दीर्घ आजार) मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू केलं, तर फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पुडीने दोन-तीन दिवसांत सकाळचा ताठरपणा जातो, मूठ वळते, जिने चढता येतात. हा आराम खरा असतो, हीच तर पंचाईत. 1948 मध्ये अमेरिकी डॉक्टर फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड टोचलं, तेव्हा जेमतेम हलता येणारी बाई काही दिवसांत चालू लागली होती. 1950 मध्ये या कामाला नोबेल मिळालं, पण औषध जास्त काळ दिलं की काय होतं तेही तेव्हाच दिसू लागलं होतं. पुडीवाला या गोष्टीचा पहिला अर्धाच भाग विकतो. रुग्ण मग मेथोट्रेक्सेट 'उगाच गरम पडतं' म्हणून सोडून देतो आणि आजार आवरणारा उपचारच बंद पडतो.

मग 'अंगाला लागतंय'. भूक वाढते, चेहरा भरतो, घरचे खूश होतात. नीट पाहिलं तर चेहरा चंद्रासारखा गोल, पोट आणि मानेमागचा भाग सुटलेला, पण दंड-मांड्या बारीक. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. पोटावर जांभळट पट्टे उमटतात. रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला तरी दंडावर काळंनिळं होतं. ही तब्येत सुधारल्याची लक्षणं नव्हेत.

तिसरा पुरावा सगळ्यांत पक्का वाटतो: 'पुडी सोडली की दुखणं उलटतं, म्हणजे तीच लागू पडते.' मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात. बाहेरून स्टिरॉइड येत राहिलं की त्या काम थांबवतात. प्रेडनिसोलोनच्या 5 मिलिग्रॅमएवढं काम डेक्सामेथासोनचे 0.75 मिलिग्रॅम करतात, म्हणजे चिमूटभर चुर्णात कितीही मावतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त घेऊन पुडी एकदम बंद केली तर दबलेला आजार उसळतो, शिवाय स्टिरॉइड तुटल्यामुळेही सांधे आणि स्नायू दुखतात. गळाठा, मळमळ, उठताना चक्कर हे त्यावर. उलट्या, खाली गेलेला रक्तदाब, गुंगी इथवर गेलं तर जिवावर बेतू शकतं. तातडीने रुग्णालय गाठावं आणि स्टिरॉइड अचानक बंद झाल्याचा संशय आधी सांगावा, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचं (औषधरूपातलं कॉर्टिसॉल) इंजेक्शन वेळेत मिळतं.

म्हणून संशय आला की पुडी फेकायची नाही आणि परस्पर बंदही करायची नाही. उरलेला माल वेष्टणासकट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं. ते बहुधा पुडीच्या जागी मोजलेलं प्रेडनिसोलोन देतात आणि टप्प्याटप्प्याने उतरवतात. शेवटच्या 5 मिलिग्रॅमच्या आसपास तर महिन्याला 1 मिलिग्रॅम इतकंही सावकाश. मध्येच ताप आला तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, तो किती हे आधीच विचारून ठेवावं.

सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं जातं. डेक्सामेथासोन त्या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणून दिसत नाही. त्यामुळे अंगावर स्टिरॉइडच्या सगळ्या खुणा आणि अहवालात कॉर्टिसॉल जवळजवळ शून्य, असा विचित्र मेळ दिसतो. हा मेळ दिसला की बाहेरून काहीतरी पोटात जातंय हे जवळपास नक्की. प्रेडनिसोलोन मात्र काही तपासण्यांत कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं आणि आकडा फुगतो. कधी, काय घेतलं हे खरं सांगितल्याशिवाय अहवालाला अर्थ नाही.

साखर उपाशीपोटी तपासून निर्धास्त होऊ नये. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने ती दुपारनंतर चढते, त्यामुळे जेवणानंतरची बघावी. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. घनतेची तपासणी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांचं तेव्हाच विचारावं. डायक्लोफेनॅक जोडीला असेल तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, डांबरासारखी काळी शौच ही त्याची खूण. जांघेत नवीनच दुखू लागलं तर खुब्याचा एमआरआय लागू शकतो, कारण तिथला रक्तपुरवठा तुटून हाड मरतं आणि साध्या एक्स-रेत ते सुरुवातीला दिसत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू आणि वाढलेला दाब, दोन्ही पाहून घ्यावेत.

विकणारे प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र पुढे करतात. ते बहुधा जड धातू किंवा जंतूंचं असतं, स्टिरॉइड त्यात शोधलेलंच नसतं. ते शोधायला क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या तपासण्या लागतात. पाण्यात विरघळवणं, जाळून पाहणं, जिभेवर ठेवणं यातून काही कळत नाही. एका खेपेचा नमुना स्वच्छ निघाला तरी पुढच्या खेपेची खात्री नाही, तेव्हा वेष्टनावरचा बॅच क्रमांक फाडू नये. औषध प्रशासनाकडे तक्रार करताना तोच विचारतात.