माहितीपटाला मदत: वर्गणी की प्रदर्शन?

सामाजिक प्रश्नांवर काम करणाऱ्या माहितीपटकाराला निर्मितीसाठी पाच हजार रुपये द्यावेत, की त्याच पैशांत गावात प्रदर्शन भरवावे, असे एका मैत्रिणीने विचारले. वर्गणीला श्रम लागत नाहीत, धीर मात्र लागतो. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरात दलितांवर झालेल्या पोलीस गोळीबारापासून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ मध्ये पूर्ण झाला, आणि इतक्या दीर्घ चित्रीकरणाच्या काळातच पैशांची निकड सर्वाधिक असते. प्रदर्शनासाठी सभागृह, पडदा आणि ध्वनिव्यवस्था यांची जुळवाजुळव करावी लागते. दिग्दर्शकाचे मानधन मात्र पुष्कळदा विसरले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही चित्रपटानंतर समोरासमोर होणारी चर्चा वर्गणीतून घडत नाही. ज्यांना वेळ नाही, त्यांनी वर्गणी द्यावी. ज्यांना माणसे जमवता येतात, त्यांनी मानधनासह प्रदर्शनच भरवावे.