महिनाभराची म्हणून विकलेली एका दिवसाची लेन्स

लेकीच्या चष्म्याचा नंबर मायनस साडेचार. मावसबहिणीच्या लग्नात चष्मा नको म्हणून तिनं लेन्ससाठी गळ घातली आणि आम्ही इंदूरच्या रामबागेतून राजवाड्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार मराठी निघाला. "काकू, आपल्या माणसांकडून जास्त कसं घेणार?" या एका वाक्यावर मी पुढचं काही विचारलंच नाही.

त्यानं ड्रॉवरमधून रबर लावलेला सुट्या पाकिटांचा गठ्ठा काढला. अख्खा डबा कशाला घेता, एक जोडी महिनाभर चालते, असं म्हणत दोन पाकिटं दिली. सातशे रुपये, वर सोल्यूशनची छोटी बाटली फुकट. "५८ टक्के पाणी आहे हिच्यात, डोळ्यात आहे हे कळणारसुद्धा नाही." ते मात्र खरं होतं. पहिल्या दिवशी लेकीला काहीच जाणवलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी उजवा डोळा लाल झाला. रात्री ट्यूबलाइटकडे बघवेना, पाणी थांबेना. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. लेन्सची कड फाटली होती आणि कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा होता. डॉक्टरांनी पाकीट मागितलं. नंबर लक्षात राहावा म्हणून लेकीनं वरची पन्नी जपून ठेवली होती. तिच्यावर किमतीचं पांढरं स्टिकर होतं. त्यांनी ते नखानं खरवडलं, तर खाली छोट्या गोलात २ चा आकडा, त्यावर तिरकी रेघ. म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका.

रोज बदलायची लेन्स होती ती! सकाळी घालायची, रात्री फेकायची. ती पातळच बनवलेली असते; रोज चोळून धुणं तिला सोसत नाही. शिवाय अश्रूंमधली प्रथिनं आणि चरबी तिच्यावर साचत जातात. तीसचा एक डबा फोडला की पंधरा गिऱ्हाइकांना "महिन्याची जोडी" विकता येते, हे गणित मला तेव्हा कळलं.

पाण्याच्या टक्क्याचंही डॉक्टरांनी समजावलं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. साध्या हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या, लेन्समध्ये तो पाण्यातून पोचतो, म्हणून पाणी जास्त ते बरं. पण सिलिकॉन मिसळलेल्या, म्हणजे सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समध्ये सिलिकॉनच वाट देतं, तिथं पाणी कमी असलं तरी प्राणवायू जास्त मिळतो. म्हणजे नुसत्या ५८ टक्क्यांवरून लेन्स चांगली की वाईट, हे ठरतच नाही.

नंबरही चुकीचाच दिला होता. चष्मा डोळ्यापासून दूर असतो, लेन्स बुबुळावरच बसते, म्हणून चष्म्याच्या साडेचारला लेन्स साधारण सव्वाचारची लागते. त्यानं चष्म्याचा कागद बघून तोच आकडा दिला. बुबुळाची गोलाई मोजली नाही की लेन्स घालून नीट बसते का, हलते का, ते पाहिलं नाही. पन्नीवर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सची गोलाई, ८.५ आणि व्यास १४.२ मिलिमीटर छापलेलं होतं, पण ते माझ्या लेकीच्या डोळ्याला जुळतं का, हे कुणीच तपासलेलं नव्हतं. फुकटची बाटली निघाली नुसत्या सलाइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची. सलाइननं लेन्स खळबळता येते, जंतू मरत नाहीत.

सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. पन्नीवर स्टिकर दिसलं तर तिथल्या तिथं काढून बघा. रोजची, पंधरवड्याची की महिन्याची, हे डब्यावर वाचा, मुदतीची तारीख आणि लॉट नंबर बिलावर लिहून घ्या. पोरं हट्ट करतात, दुकानदार गोड बोलतो, तरी तेवढी पाच मिनिटं थांबाच.

लेकीला तीन आठवडे चष्माच लावावा लागला, लग्नातही. ओरखडा भरला, देवाची कृपा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करायची म्हणून मी बिल शोधलं. डायरीचा फाडलेला चिटोरा हाती लागला. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. नुसतं "लेन्स १ जोडी, ७००."