बायपॉडचे आठ महिने आणि त्याहून महाग पडलेली काडतुसं

मार्चमध्ये पहिला बायपॉड घेतला, म्हणजे रायफलच्या पुढच्या टोकाला लावायचा दोन पायांचा टेकू; आता नोव्हेंबर संपत आलाय. हिशेबात तीन रानडुकरं, एक हरीण आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या कागदांना पाडलेली दीडशेच्या वर भोकं. एवढ्या वापरावर बोलायला हरकत नसावी.

आधी जागा सांगतो, कारण बायपॉड जागा बघून घ्यायचा असतो आणि मी नेमकं तेच केलं नव्हतं. ऑस्टिनच्या वायव्येला, लॅनोच्या बाजूला आम्ही चौघांनी मिळून एक रान लीजवर घेतलंय. टेक्सासात ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी, त्यामुळे शिकार म्हणजे एकतर लीज नाहीतर ओळखीचा रँचवाला. ग्रॅनाइटचे खडक, मेस्कीटची झुडपं, निवडुंग आणि मधे गुडघ्याला लागेल एवढं गवत. हे गवत लक्षात ठेवा.

पहिला बायपॉड ऑनलाइन मागवलेला, तीस डॉलरचा, ६ ते ९ इंच उंचीचा. व्हिडिओत सगळे हाच वापरतात म्हणून. रेंजवर चटईवर पालथं पडून झाडल्यावर काय मस्त वाटलं! मग एप्रिलमध्ये रानात गेलो. संध्याकाळी सहाएक डुकरं ओढ्याकडून वर आली, मी हळूच पालथा झालो, स्कोपला डोळा लावला आणि समोर नुसतं हिरवं. गवताची पाती अशी दिसत होती, जणू मी वाघ आणि डुकरं बाहेर कुठेतरी. गुडघ्यावर उठावं म्हणून हाललो, तर एका पायाचा खटका निसटला आणि रायफल डावीकडे कलली. तो ‘खट्’ मला ऐकू आला तसा त्यांनाही आला. पुढचं सांगायला नको.

कोकणात आमच्या वाडीत एका काकांकडे शेतराखणीच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीत आलं की डुकरं यायची. काका माळ्यावर बसायचे ते बरोबर एक बेचक्याची काठी घेऊन; बंदूक त्या बेचक्यात टेकवायची. काठी त्यांच्या बसण्याच्या उंचीची, कोयत्याने तासून केलेली. बायपॉडची अख्खी विद्या त्या काठीत होती, हे मला तीस डॉलर आणि एक कळप घालवल्यावर उमगलं.

मग घेतला तो हॅरिस कंपनीचा, एस-२५सी मॉडेल. १३.५ ते २७ इंच, तीन तुकड्यांचे पाय, वर डाव्या-उजव्या बाजूला कलणारं डोकं. दीडशे डॉलरच्या आत मिळाला. मांडी घालून किंवा गुडघे वर करून बसलं की नळी गवताच्या वर येते. उतारावर एक पाय लांब, एक आखूड केला तरी कलणाऱ्या डोक्यामुळे रायफल सरळ धरता येते. हे डोकं नसलेलं मॉडेल थोडं स्वस्त मिळतं, पण खडकाळ जागी ते घेऊ नका. रायफलच्या दस्त्याला, म्हणजे नळी ज्यात बसते त्या भागाला, पुढे खांद्याचा पट्टा अडकवायची खुंटी असते; हा तिच्यावरच बसतो, वेगळी पट्टी लागत नाही. वजन सव्वा पौंडाच्या आसपास, तेही सगळं पुढच्या टोकाला. गाडीपासून ब्लाइंडपर्यंत, म्हणजे लपून बसायच्या आडोशापर्यंत, चालायचं असेल तर जाणवत नाही, दिवसभर टेकड्या चढायच्या असतील तर खांदा बोलतो. तसं फिरणाऱ्याने मॅगपुलचा बघावा, तो बराच हलका आहे. पण तो साधारण १० इंचापर्यंतच वर येतो, म्हणजे पुन्हा गवत.

आता खरी गोष्ट. नवीन बायपॉडवर १०० यार्डांवर माझ्या गोळ्या दोन इंच वर जायला लागल्या. वाळूच्या पिशवीवर टेकवली की मधोमध. बायपॉडवर ठेवली की वर. मी दोष दिला काडतुसांना. दुसऱ्या कंपनीची दोन खोकी आणली, मग जास्त वजनाच्या गोळीची दोन. साठ-सत्तर काडतुसं उडवून झाली. शेवटी शेजारच्या बेंचवरचा एक म्हातारा उठून आला, मला रायफल रिकामी करायला लावली, बोल्ट काढून बघितला आणि खिशातून एक डॉलरची नोट काढली. नोट नळी आणि दस्त्याच्या मधून सरकवली, सहज गेली. मग म्हणाला, आता बायपॉडवर टेकवून नेम धरताना दाबतोस तशी दाब. दाबली. नोट अडकली. माझ्या ३०८ चा (३०८ मापाच्या काडतुसाच्या रायफलचा) दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त. बायपॉडवर जोर पडला की तो वाकून नळीला खालून टेकत होता. घरी येऊन दस्ता वेगळा केला आणि नळीच्या खाचेत अर्धा तास सँडपेपर फिरवला. दोन इंच गेले. सँडपेपर सव्वा डॉलरचा.

त्याआधी उडवलेली काडतुसं मात्र सव्वा डॉलरची नव्हती. २०१९ मध्ये ३०८ ची साधी शिकारीची गोळी, वीसचं खोकं, मी वीस डॉलरच्या आत घेतलेलं आठवतं. आज दुकानाच्या त्याच फळीवर ३२ आणि वर ८.२५ टक्के विक्रीकर. आठ महिन्यांच्या नेमबाजीचा खर्च बायपॉडच्या दीडपट झालाय. २०२०-२१ मध्ये तर पैसे देऊनही मिळत नव्हती. घरी काडतुसं भरणारे मित्र प्रायमरसाठी, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीसाठी, दुकानं पालथी घालायचे. ते संपतंय तोवर युक्रेनचं युद्ध. तोफेच्या गोळ्याला आणि माझ्या काडतुसाला शेवटी दारू एकाच जातीची लागते, नायट्रोसेल्युलोजची. तोफांना आधी पुरवतात. २०२४ च्या शेवटी फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टनची काडतुसं बनवणारा धंदा एका चेक कंपनीने विकत घेतला. त्याने माझ्या फळीवरचा आकडा खाली आलेला नाही, एवढं खरं. किमतीत ११ टक्के केंद्रीय कर आधीच धरलेला असतो, तो १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. त्याबद्दल माझी कुरकुर नाही.

त्यामुळे सराव बदलला. बसून, बायपॉड लावून, खोटं काडतूस घालून चाप दाबायचा, रोज दहा मिनिटं, भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरून. बायको म्हणते खिळ्याने काय बिघडवलंय. महिन्यातून एकदा बावीसच्या, म्हणजे छोट्या स्वस्त काडतुसाच्या, रायफलला तोच बायपॉड लावतो. ३०८ ची फक्त तीन-तीन काडतुसं, तीही सीझनच्या आधी. आणखी एक: रेंजच्या सिमेंटच्या ओट्यावर बायपॉड उडी मारतो, मातीवर मारत नाही. झीरो करायचा, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी जुळवायची, तर खाली जुन्या गालिच्याचा तुकडा टाका.

सप्टेंबरात पहिलं डुक्कर पडलं, ऐंशी यार्डांवर, बसून. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून डुकरांना लायसन्स लागत नाही, सीझनही नाही. हरणाला दोन्ही लागतात. साफ करताना हातमोजे घाला, ब्रुसेलोसिसचा, जनावरांकडून माणसाला लागणाऱ्या तापाचा, धोका असतो. मालवणी मसाल्यात दोन तास शिजवल्यावर तक्रार कुणाची आली नाही.

घ्यायच्या आधी एकच करा. जिथे बसणार तिथे जाऊन बसा, रायफल खांद्याला लावा आणि दुसऱ्याला टेपने जमिनीपासून दस्त्यापर्यंत मोजायला सांगा. माझं २१ इंच आलं.