क्लिकरचा स्क्रू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या रविवारी माझ्या धनुष्यावरच्या क्लिकरची पट्टी तुटली. बाण ठरलेल्या लांबीपर्यंत मागे ओढला की त्याचं टोक या पट्टीखालून निसटतं, पट्टी 'टक' वाजते, आणि मग बाण सोडायचा. पन्नास मीटरवर सराव चालू होता, दोरी हनुवटीला टेकलेली, अँकर (ओढणाऱ्या हाताची हनुवटीखालची ठरलेली जागा) घट्ट बसलेला, आणि नेहमीच्या 'टक'च्या ऐवजी कोरडा 'कट्' असा आवाज आला. पट्टी बरोबर स्क्रूच्या छिद्रापाशी मोडून गवतात पडली. मी बाण सोडला नाही, दोरी सावकाश परत सैल करून धनुष्य उतरवलं. आधी एवढंच सांगते, कारण काही महिन्यांपूर्वी कुठलाही आवाज झाला की माझी बोटं आपोआप सुटायची.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "ही झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही." ठीक आहे, स्प्रिंग स्टीलची पट्टी आहे, दिवसाला शंभर-दीडशे वेळा वाकते, कधीतरी तुटणारच. त्यावर माझं भांडण नाही. भांडण स्क्रूवर आहे. मला पट्टीबरोबर नवा स्क्रू हवा होता, तर म्हणे स्क्रू सुटा मिळत नाही, पूर्ण संच घ्या. चार मेल झाले, दर वेळी तेच. हा अनुभव लिहायला बसले त्याचं निम्मं कारण ही चिडचिड आहे.

क्लिकर काय असतो हे रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये दिसतं ते धनुष्य, चालवणाऱ्यांना सांगायला नको. माझा अगदी साधा आहे: एक पातळ स्टीलची पट्टी, एक स्क्रू, एक वॉशर आणि रायझरवर (धनुष्याच्या मुठीच्या मधल्या भागावर) चिकटवायची प्लेट. चुंबकावर चालणारे, कार्बनचे, साईटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) दांड्यावर बसणारे असे बरेच प्रकार मिळतात. शिकताना लिंब (रायझरच्या वर-खाली बसणाऱ्या धनुष्याच्या पात्या) बदलत जातात, पाउंडेज (ओढायला लागणारा जोर) वाढतं, बाणांचा स्पाइन (ताठपणा) बदलावा लागतो, खरा खर्च तिथे असतो. म्हणून क्लिकर स्वस्तातला घ्यायचा असं मी ठरवलं. आजही तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. फक्त त्या पैशांत स्क्रू बरा दिला असता तर बरं झालं असतं.

माझ्या प्रशिक्षक सरांनी पहिले पाच महिने क्लिकर लावूच दिला नव्हता. माझा हट्ट होता, कारण मैदानावर सगळ्यांच्या धनुष्यावर तो दिसायचा. सर म्हणाले, "तुझी ओढ अजून रोज वेगळी येते. आज क्लिकर लावला तर तू त्याच्यासाठी ओढशील, पाठीने ओढणार नाहीस." तेव्हा राग आला होता. पाच महिने बहुतेक बाण तीन मीटरवर, फेस (लक्ष्याच्या रिंगांचा कागद) न लावलेल्या बटवर (बाण अडवणाऱ्या जाड गादीवर), बरेचदा डोळे मिटून मारले. डोळे मिटले की कळतं, उजवं कोपर मागे जायचं थांबलंय की नाही. उघड्या डोळ्यांनी ते कळत नाही, सगळं लक्ष फेसच्या मधल्या पिवळ्यात अडकलेलं असतं.

क्लिकर लागला आणि पहिले दोन महिने मी अक्षरशः हरखून गेले होते. तीस मीटरवर ८० सेंटिमीटरच्या फेसवर माझे बाण आधी वर-खाली पसरायचे. डावीकडे-उजवीकडे फारसे जायचे नाहीत, पण उभे इतके पसरायचे की एक आठ गुणांच्या रिंगमध्ये, एक चारच्या. क्लिकर आल्यावर ते उभं पसरणं दोन आठवड्यांत निम्म्यावर आलं. कारण सोपं आहे. मिलिमीटरभर कमी ओढलं की लिंबात तेवढी ऊर्जा कमी साठते, बाण तेवढा हळू जातो आणि खाली पडतो. साधारण ४० पाउंडाच्या धनुष्याचं गणित मी मांडून पाहिलं: एका मिलिमीटरच्या ओढीमागे ७० मीटरवर बाण तीनेक सेंटिमीटर वर-खाली होतो. १२२ सेंटिमीटरच्या फेसवर एक रिंग ६.१ सेंटिमीटरची असते, म्हणजे जवळपास अर्धी रिंग. पॅरिस २०२४ मध्ये पुरुषांची वैयक्तिक अंतिम लढत शूट-ऑफला (बरोबरी फोडायच्या एका बाणाला) गेली, किम वूजिन आणि ब्रॅडी एलिसन दोघांनीही दहा मारला, आणि सुवर्णपदक केंद्रापासूनच्या अंतरातल्या ४.९ मिलिमीटरच्या फरकावर ठरलं. ते पाहिल्यापासून ओढीतला एक मिलिमीटर मला क्षुल्लक वाटत नाही.

तेव्हा माझ्या वहीत मी लिहिलं होतं: 'क्लिकर म्हणजे निम्मा कोच.' ते वाक्य आता मागे घेते. का ते पुढे येईलच.

चौथ्या महिन्यात क्लिकर अडायला लागला. अँकर व्हायचा, साईट पिवळ्यावर यायची, आणि क्लिक येतच नसे. चार सेकंद, सहा सेकंद. मग खांदा वर चढायचा, डावा हात थरथरायचा, आणि शेवटी मी बोटांनी दोरी खेचून कसाबसा क्लिक काढायचे. आमनेसामने सामन्यात आळीपाळीने मारताना एका बाणाला वीसच सेकंद मिळतात. मी सरावातच पंधरा सेकंद घालवत होते. वाटलं, ताकद कमी पडतेय. अडीच आठवडे मी रोज घरी रबर बँड ओढले, पूर्ण ताणात तीस सेकंद धरून एक मिनिट विश्रांती, असे दहा-दहा फेरे केले. पाठ मजबूत झाली, ते वाया गेलं नाही. पण क्लिकर दिवसेंदिवस अधिकच अडत गेला.

एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर असून मला दिसली नाही. थकलेल्या माणसाचे बाण खाली जातात. माझे वर जात होते, आणि मी मुकाट्याने दर आठवड्याला साईट थोडी वर सरकवत होते.

शेवटी सरांनी धनुष्य हातात घेतलं. आधी टी-स्क्वेअर (धनुष्य मोजायची पट्टी) लावून ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर) मोजली, कारण दोरी ताणली जाऊन ब्रेस हाइट बदलली तरी असाच गोंधळ होतो. ती जिथल्या तिथे होती. मग त्यांनी माझ्या किटमधला एक जुना बाण काढला. क्लिकर पहिल्यांदा लावला त्या दिवशी त्यांनी तो बाण नॉक करून (दोरीला लावून), न ओढता, पट्टीच्या मागच्या कडेपाशी शाफ्टवर (बाणाच्या दांड्यावर) चंदेरी पेनाने बारीक रेघ मारून ठेवली होती. मी ती कधीच विसरले होते. तोच बाण नॉक केला, रेस्टवर (बाण टेकायच्या आधारावर) ठेवला. रेघ कडेला हवी होती, ती पट्टीच्या पुढे उघडी दिसत होती. सरांनी मोजपट्टी न वापरता नख लावलं आणि म्हणाले, "चार मिलिमीटर. रोज थोडी थोडी मागे आलीय. तू आपल्या हातांपेक्षा लांब ओढत बसली आहेस."

स्क्रू ढिला होता. पूर्ण ढिला नव्हे, बोटाने हलवला तर हलायचा नाही. पण बाणाचं टोक पट्टीखालून मागे सरकताना दर वेळी पट्टीला किंचित मागे ओढतं, आणि त्यात बाण सुटल्यावरचा रायझरचा हादरा. गुळगुळीत वॉशरवर पट्टी स्क्रूभोवती केसभर फिरत राहते. एका दिवसात कळत नाही. हजारो बाणांनंतर चार मिलिमीटर होतात.

म्हणून सगळ्यांना सांगते, जाहिरातीत पट्टीची जाडी वाचू नका, स्क्रू बघा. बहुतेक रायझरवर क्लिकरचं छिद्र ८-३२ या इंची आट्यांचं असतं. हार्डवेअरच्या दुकानातला एम-४ (मिलिमीटर मापाचा स्क्रू) दिसायला तोच वाटतो, दीड-दोन फेरे आत जातोही, आणि मग अडकतो. तिथे जोर लावला तर रायझरचे आटे जातात, म्हणजे काही ग्रॅमच्या स्क्रूपायी अख्खा रायझर दुरुस्तीला. माझ्या शेजारी सराव करणाऱ्या एका मुलाचं हेच झालं. त्यामुळे सुटा स्क्रू न देणाऱ्या विक्रेत्याचा मला इतका राग येतो. मी शेवटी जुनाच स्क्रू स्वच्छ पुसून, आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावून, खाली दातेरी वॉशर घालून बसवला. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तो पुन्हा सुटता सुटत नाही. पट्टीच्या डोक्यापासून रायझरपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढली आहे. रेघ तुटलेली दिसली की पट्टी हलली. तेव्हापासून ती एकदाही हललेली नाही.

पट्टी जागेवर आली आणि क्लिकर एकदम सोपा झाला. इथून दुसरा त्रास सुरू झाला, आणि तो क्लिकरच्या किमतीशी किंवा बनावटीशी संबंधित नाही. तो सगळ्या क्लिकरचा आहे.

सरांनी बाजूने, बाणाच्या टोकाच्या उंचीवर मोबाइल धरून माझं चित्रण केलं आणि हळू गतीत दाखवलं. क्लिक होतो तेव्हा टोक पट्टीच्या मागे निसटतं आणि टोक व पट्टीची कड यांच्यात एक बारीक फट पडते. ओढ चालूच असेल तर सुटण्याआधी ती फट वाढते. माझी फट क्लिकनंतर बंद होत होती. म्हणजे क्लिक ऐकला की पाठ काम सोडून देत होती, बाण मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकत होता आणि मग बोटं सुटत होती. क्लिकर वाजला म्हणजे ओढ अचूक झाली असं मी सहा महिने समजत होते. प्रत्यक्षात बाण सुटायचा तो क्लिकच्या जागेवरून नव्हे, त्याच्या पुढून, आणि रोज वेगळ्या जागेवरून.

याहून वाईट म्हणजे क्लिक काढायच्या किती खोट्या युक्त्या मला जमत होत्या! मान जरा मागे घेतली की क्लिक. मनगट बाहेर वळवलं की क्लिक. दोरीवरची बोटं किंचित वळवली, बाण तिरका झाला की क्लिक. पाठीने मिलिमीटरभरही न ओढता. पट्टीला यातलं काहीच कळत नाही. टोक कडेपलीकडे गेलं एवढंच ती सांगते, ते कोणी नेलं हे सांगत नाही. म्हणून ते वहीतलं वाक्य मागे घेतलं. कोच माझ्या मागे उभा राहून खांद्यामागचं हाड हललं का ते बघतो, क्लिकर बघत नाही.

यावरचा सराव सांगते, कारण सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. तीन मीटरवर, बटसमोर, बाण लावूनच. ओढा, अँकर करा, क्लिक होऊ द्या, आणि सोडू नका. तीन सेकंद तसंच मागे जात राहा आणि मग धनुष्य उतरवा. रिकामी दोरी कधीही सोडायची नाही, लिंब त्यानेच फुटतात, आणि दमलेल्या हातातून चुकून सुटलं तरी बाण बटमध्येच गेला पाहिजे, म्हणून बाण लावलेला. पहिल्या दिवशी बारापैकी नऊ वेळा मी क्लिकवर सोडून दिला. ठरवूनही बोटं ऐकत नव्हती. आवाज आणि बोटं यांची इतकी घट्ट गाठ बसली होती. सर म्हणाले, "ही गाठ सोडवल्याशिवाय ७० मीटरचं नाव काढायचं नाही." चौथ्या दिवशी बाराही उतरवता आले. फट मात्र बंदच होत होती. ती उघडी राहायला अजून तीन आठवडे लागले. फरक पडला तो एका छोट्या सूचनेने: क्लिकची वाट पाहू नकोस, कोपर मागच्या भिंतीकडे न्यायचंय एवढंच डोक्यात ठेव, क्लिक वाटेत होईल.

वर इथपर्यंत लिहून ठेवलं आणि मध्ये पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांत क्लिकरच नव्हता. सर म्हणाले, घाईने नवा आणू नकोस, तसेच मार. मला भीती होती की सगळं पुन्हा पसरेल. पसरलं, पण चार ते नऊ असं नाही, सात ते नऊ असं. वर्षभरापूर्वी क्लिकरशिवाय माझे बाण जिथे जायचे त्यापेक्षा ते कितीतरी जवळ होते. त्यामुळे क्लिकरबद्दलचं मत मी पुन्हा थोडं बदलते: दर दोन-तीन महिन्यांनी तो मुद्दाम आठवडाभर काढून ठेवावा. मी आता तसंच करणार आहे.

काल नवी पट्टी आली. पूर्ण संचच घ्यावा लागला, म्हणून एक जादा प्लेट आणि तोच गुळगुळीत वॉशर माझ्याकडे पडून आहे. नवा स्क्रू मात्र मिळाला, तो डबीत जपून ठेवलाय. जुनाच लावला, थ्रेडलॉकर लावून, चंदेरी रेघेच्या बाणावर पट्टी जुळवून. कुणी विचारलं तर हाच क्लिकर घ्या म्हणेन, पट्टीचा आवाज खणखणीत आहे आणि आठ महिने टिकली हे काही कमी नाही. लावल्या दिवशीच एका बाणावर रेघ मारा आणि तो बाण किटमधून बाहेर काढू नका.

आज सकाळी नव्या पट्टीवर बारा वेळा क्लिक करून उतरवलं. सर बाजूला स्टुलावर बसून फट बघत होते. अकरा वेळा उघडी राहिली. बाराव्याला डावा खांदा वर आला, फट मिटली, आणि सरांनी काही म्हणायच्या आधी मी तो बाण पुन्हा नॉक केला.