नॅरोबोटवर काय बरं: पंप-आउटची टाकी की कॅसेट?

इंग्लंडच्या कालव्यांवर राहायला नॅरोबोट (अरुंद, लांब बोट) घेताना आपण चूल, पलंग, खिडक्या आधी बघतो. संडासाकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी, आणि रोजचं जगणं सुखाचं की त्रासाचं हे बरंचसं तिथेच ठरतं. कालव्यात मैला सोडायला बंदी आहे. तो बोटीतच साठवायचा आणि ठरलेल्या जागी नेऊन रिकामा करायचा.

पंप-आउटमध्ये मोठी टाकी बोटीतच पक्की बसवलेली असते. दोघांना ती कित्येक आठवडे पुरते. भरली की बोट मरिनात (बोटी लावायच्या धक्क्यात) न्यायची, डेकवरच्या तोंडाला नळी जोडायची, पंप मैला ओढून घेतो. दर खेपेला साधारण वीस पौंड किंवा जास्त मोजावे लागतात. कॅसेट म्हणजे सुटी निघणारी, सुमारे वीस लिटरची टाकी. दोघांत ती दोन-तीन दिवसांत भरते. ती एल्सन पॉइंटवर, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, नेऊन ओतायची. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टच्या एल्सन पॉइंटवर बोटीचा परवाना असलेल्यांना त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आराम पाहिला तर पंप-आउट सरस. पण हिवाळा आठवा. कालवा गोठतो, लॉकची (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांची) दुरुस्ती निघते आणि बोट हलत नाही. टाकी भरलेली आणि मरिना पाच मैलांवर, अशी वेळ आली की घरात पाहुणेसुद्धा नकोसे होतात. कॅसेट मात्र ढकलगाडीवर ठेवून नेता येते. कायमची जागा न घेता दर चौदा दिवसांनी बोट हलवणाऱ्यांना मी कॅसेटच सुचवेन, आणि सोबत किमान दोन जादा कॅसेटी. मरिनात कायम मुक्काम असेल, घरात लहान मुलं असतील किंवा पाठदुखी असेल, तर पंप-आउट घ्या. भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास भरते.

सुरक्षेत दोन्हींचे धोके वेगळे. कॅसेटीत धोका आहे शिंतोड्यांचा. जाड रबरी हातमोजे घाला, तोंड खाली वळवल्यावर हवेचं बटण दाबून धरा म्हणजे मैला उसळत नाही, आणि ओतताना चेहरा दूर ठेवा. कॅसेट धुवायच्या नळाची नळी पिण्याचं पाणी भरायला कधीही वापरू नका. या एका चुकीने घरभर जुलाब होऊ शकतात.

टाकीचा धोका दिसत नाही, म्हणून तो मला जास्त गंभीर वाटतो. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतात. पहिल्याचा वास सडक्या अंड्यांसारखा, पण प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. वास थांबला म्हणून धोका टळला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचतो, आणि मिथेन पेट घेतो. म्हणून पंप लावण्याआधी खिडक्या उघडा, शेगडी, स्टोव्ह, सिगारेट बंद. टाकीची हवेची नळी मोकळी आहे ना, ते तपासा. ती तुंबली असेल तर पंपाच्या ओढीने टाकी आत चेपू शकते. काही अडकलं तर टाकीत डोकं घालू नका, जाणकाराला बोलवा.

आणखी एक: डेकवर पाणी, डिझेल आणि मैल्याची झाकणं जवळजवळ सारखीच दिसतात. मैल्याच्या टाकीत डिझेल ओतल्याच्या चुका घडतात. झाकणांवर ठळक रंग लावा.

मैला-मूत्र वेगळं ठेवणारा कंपोस्ट संडास हा तिसरा पर्याय. त्यातला ऐवज ट्रस्टच्या कचरापेट्यांत टाकायला आता परवानगी नाही. कुजवायला स्वतःची जमीन असेल तरच त्याचा विचार करा.

जुनी बोट घेत असाल आणि टाकी पोलादी असेल, तर सर्व्हेअरकडून (बोट तपासणाऱ्या जाणकाराकडून) ती मुद्दाम तपासून घ्या. अशा टाक्या आतून गंजतात, आणि बऱ्याचदा त्या पलंगाखालीच असतात.