लामी सफारी आणि डावखुऱ्यांची निब: सुट्टीत मिळालेल्या एका भेटीचे परीक्षण

मागच्या वर्षअखेरीच्या सुट्टीत माझ्या भाचीने मला लामी सफारी हे फाउंटन पेन भेट दिले. त्याला आता पाच महिने होतील. मी मुद्रितशोधनाचे काम करते आणि अजूनही कागदावरच करते, त्यामुळे या काळात हे पेन जवळजवळ रोज, काही दिवस तर सलग पाच-सहा तास माझ्या हातात राहिले आहे. एखाद्या पेनाबद्दल अभिप्राय द्यायला एवढा वापर पुरेसा आहे असे मी मानते. मात्र दुकानात जाऊन मी स्वतः हे पेन निवडले असते, तर ज्या रूपात ते मला मिळाले त्या रूपात ते घरी आलेच नसते. म्हणून या परीक्षणात पेनाच्या गुणांइतकेच ते निवडणाऱ्या व्यक्तीच्या नजरेबद्दलही लिहावे लागणार आहे.

आधी पेनाची ओळख. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे १९३० साली स्थापन झालेल्या लामी कंपनीने सफारी १९८० मध्ये बाजारात आणले. वोल्फगांग फाबियान यांनी त्याची रचना केली, आणि ती करताना शाईने लिहायला नुकतीच शिकणारी शाळकरी मुले त्यांच्या डोळ्यांपुढे होती. या पेनाच्या प्रत्येक भागावर ती मुले दिसतात. त्याचे अंग एबीएस या टणक प्लास्टिकचे आहे, म्हणजे लेगोचे ठोकळे ज्या प्लास्टिकचे बनतात त्याच जातीचे. टोपणाची पकड जाड तार वाकवून केलेली असून ती कोणत्याही कापडावर बसते. शाई किती उरली ते दिसावे म्हणून अंगाला छोटी खिडकी ठेवली आहे, आणि दोन बाजू चपट्या असल्यामुळे टेबलावर ठेवलेले पेन गडगडत नाही. निब पोलादी आहे. बोटे जिथे टेकतात तिथे तिरके सपाट पैलू दिले आहेत, त्यामुळे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट आपापल्या जागी आपोआप जाऊन बसतात. हे पैलू दोन्ही बाजूंना सारखेच असल्यामुळे पेन उजव्या हातात धरा किंवा डाव्या, पकड तीच राहते.

मी डावखुरी आहे. जगात साधारण दर दहा माणसांमागे एक जण डावखुरा असतो, तरी शाईने लिहिणाऱ्या डावखुऱ्यांची नेमकी अडचण काय असते हे उरलेल्या नऊ जणांना बहुधा ठाऊक नसते, कारण ते जाणून घ्यायची त्यांना कधी गरजच पडत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात कोऱ्या कागदावरून पुढे सरकतो आणि ओली अक्षरे मागे सुटतात. माझा हात त्या ओल्या अक्षरांच्या मागोमाग, त्यांच्यावरूनच येतो. शाई फिसकटते, आणि पान संपेपर्यंत करंगळीपासून मनगटापर्यंत तळहाताची कड निळी झालेली असते. दुसरी अडचण निबेची आहे. उजवा हात निब ओढत नेतो, तर डावा हात तीच निब ढकलतो, आणि ढकललेली निब कागदाच्या तंतूंत रुतते, खरखरते, मध्येच शाई सोडायची थांबते.

मराठी लिहिताना यात शिरोरेखेची भर पडते. शब्दाची अक्षरे लिहून झाली की वर आडवी रेघ द्यायची, म्हणजे नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांच्या डोक्यावरून निब पुन्हा एकदा, तीही सलग, उजवीकडे ढकलत न्यायची. माझ्या शिरोरेखा लहानपणापासून तुटक आहेत. मी बराच काळ ती रेघ उलटी, उजवीकडून डावीकडे ओढून पाहिली. निब त्यामुळे चालत असे, पण हात पुन्हा ओल्या शब्दावरच येत असे. शेवटी मी शाई सोडली आणि बॉलपेन धरले. बॉलपेनाने काम होते, पण त्याला जोर द्यावा लागतो आणि संध्याकाळी अंगठ्याचा सांधा दुखतो. शाईचे पेन मला आवडते हे घरात सर्वांना माहीत होते, पण मी ते का वापरत नाही हे कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते.

लामी सफारीसाठी डावखुऱ्यांची वेगळी निब बनवते. तिच्यावर एलएच ही दोन अक्षरे असतात. दिसायला ती इतर निबांसारखीच आहे आणि तिची रेषा साधारण मध्यम जाडीची उमटते. पहिल्या दिवशी मी तिने सवयीप्रमाणे जपून, अडखळण्याची वाट पाहत लिहिले, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर माझ्या लक्षात आले की माझी मूठ सैल पडली आहे. ढकलतानाही निब कागदावरून न रुतता सरकत होती. ‘मुद्रितशोधन’ हा लांबलचक शब्द मी मुद्दाम लिहिला आणि त्यावरची शिरोरेखा डावीकडून उजवीकडे, एका दमात दिली. ती तुटली नाही. ही गोष्ट उजव्या हाताच्या माणसाला फार लहान वाटेल, पण मी ती रेघ नंतर कितीतरी वेळ पाहत बसले होते.

आता भाचीने काय केले ते सांगते, कारण नुसते पेन एवढीच ही भेट नव्हती. दोन वर्षांपूर्वी परीक्षेच्या अभ्यासासाठी ती काही आठवडे माझ्याकडे राहिली होती आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर बसून वाचत असे. तेव्हा मी शाईचे पेन पुन्हा एकदा वापरून पाहत होते. डबा उघडल्यावर मी तिला विचारले की हे तुला कसे सुचले. ती म्हणाली, “मावशी, तू दर दोन-तीन पानांनी उठून हात धुऊन यायचीस. मला आधी वाटलं, तुला पाणी प्यायचं असेल.” दोन वर्षे ही गोष्ट तिच्या मनात राहिली. तिला मिळालेल्या पेनात साधी बारीक निब होती, म्हणून तिने एलएच निब वेगळी मागवली. सफारीची निब बदलणे सोपे असते. निबेवर चिकटपट्टी लावून अलगद पुढे ओढली की ती निघते आणि नवी तशीच सरकवून बसवता येते. हे काम तिने स्वतः केले आणि काढलेली बारीक निब एका छोट्या पाकिटात घालून डब्यात ठेवली. पाकिटावर लिहिले होते, “नाही जमली तर ही परत लाव.” या पेनाबरोबर दौतीतली शाई भरण्याचा कन्व्हर्टर बहुधा येत नाही, तो निराळा घ्यावा लागतो. तोही तिने घेतला होता आणि लवकर वाळणारी शाई त्यात भरून ठेवली होती, त्यामुळे डबा उघडल्याच्या दुसऱ्या मिनिटाला मी लिहू लागले.

डब्यात आणखी एक कागद होता. भाची स्वतः उजव्या हाताने लिहिते, म्हणजे निब ठीक आहे की नाही हे तिला तपासता येणार नव्हते. तिने वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलीकडून या पेनाने पानभर मराठी मजकूर लिहून घेतला आणि ते पान सोबत जोडले. स्वतःला जे कळू शकत नाही ते ज्याला कळते त्याच्याकडे जाऊन विचारून घ्यावे, एवढी काळजी मला मिळालेल्या भेटींत मी क्वचितच पाहिली आहे.

तुलनेसाठी मला आणखी एका पेनाचा उल्लेख करावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी अशाच सुट्टीत मला एका स्नेह्यांनी सोन्याच्या निबेचे, सफारीच्या कितीतरी पट किमतीचे पेन दिले होते. त्यावर माझे पूर्ण नाव सुबक अक्षरांत कोरलेले होते. त्यांचा हेतू प्रेमाचा होता आणि त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण ते पेन माझ्या हातात एक ओळही धड चालले नाही, आणि नाव कोरलेले असल्यामुळे ते दुसऱ्या कोणाला देताही येईना. माझे नाव त्यांना ठाऊक होते, माझा हात त्यांनी पाहिला नव्हता. वस्तूवर नाव घालून दिले की ती खास त्या माणसाची झाली असे आपण समजतो, आणि भेटवस्तू विकणाऱ्या बहुतेक सेवाही तेच सांगतात. मला हे पटत नाही. नाव घालण्यासाठी त्या माणसाबद्दल नावापलीकडे काहीच माहीत असावे लागत नाही.

किमतीविषयी एक जुना अभ्यास येथे आठवतो. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की भेट जितकी महाग तितकी ती समोरच्याला अधिक आवडेल असे देणाऱ्यांना वाटते, पण घेणाऱ्यांच्या कौतुकाचा किमतीशी तसा संबंध आढळत नाही. पुढे २०१६ मध्ये जेफ गॅलक, ज्युलियन गिवी आणि एलानोर विल्यम्स यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन या विसंगतीचे एक कारण मांडले. देणाऱ्याचे लक्ष भेट उघडली जाण्याच्या क्षणावर असते, तर घेणाऱ्याला ती वस्तू पुढचे कित्येक महिने बाळगायची आणि वापरायची असते. माझ्या दोन पेनांच्या बाबतीत हे मला तंतोतंत लागू वाटते. सोन्याच्या निबेचे पेन उघडताना खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडून कौतुकाचा उद्गार निघाला होता. सफारी उघडले तेव्हा कोणी फारसे काही म्हणाले नाही, कारण ते दिसायला शाळकरी मुलाचे पेन आहे.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये याहून कठोर हिशेब मांडला होता. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी सुट्टीत मिळालेल्या भेटींची किंमत विचारली, आणि घेणाऱ्यांच्या दृष्टीने त्या वस्तूंचे मोल त्यांच्यावर झालेल्या खर्चापेक्षा एक दशांश ते एक तृतीयांश इतके कमी भरले. ही तूट जवळच्या मित्रांच्या भेटींत थोडी होती आणि विस्तारित कुटुंबातल्या नातेवाइकांच्या भेटींत मोठी होती. त्यावरून भेट म्हणून रोख रक्कम द्यावी असा निष्कर्ष काही जण काढतात. मला तो अपुरा वाटतो. मला कोणी पैसे दिले असते तर मी बॉलपेनांची आणखी एक पेटी आणली असती, कारण डावखुऱ्यांसाठी वेगळी निब मिळते हेच मला माहीत नव्हते. आपल्याला स्वतःबद्दल जे सुचले नसते ते दुसऱ्याने आपल्याकडे पाहून शोधून आणले, तर त्या वस्तूचे मोल खर्चाच्या खाली जात नाही.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी सुट्टीची भेट म्हणून एक दुवा पाठवला जातो आणि आपण त्यातून वस्तू निवडायची असते. मलाही यंदा असा एक दुवा आला. त्यातून मी टेबलावरचा दिवा घेतला, तो चांगला आहे, आणि सेवेबद्दल माझी तक्रार नाही. फक्त तो दिवा कोणी दिला हे आठवायला मला आता क्षणभर थांबावे लागते.

सफारी भेट देण्याच्या विचारात असलेल्यांसाठी काही गोष्टी. बोटांचे पैलू सर्वांना सोयीचे नसतात. पेन वेगळ्या पद्धतीने धरण्याची सवय असेल तर ती पकड बोटांना टोचते, आणि जे डावखुरे मनगट वळवून ओळीच्या वरच्या बाजूने लिहितात त्यांना ती बहुधा जमणार नाही. मी हात ओळीखाली ठेवते आणि कागदाचा माथा उजवीकडे कलता ठेवते, त्यामुळे मला ती सोयीची पडली. म्हणून ज्याला पेन द्यायचे तो लिहिताना हात ओळीच्या वर ठेवतो की खाली, हे आधी एकदा पाहून घ्यावे. अक्षर फार बारीक असेल तर मध्यम रेषेत वेलांट्या आणि मात्रा भरून जाण्याची शक्यता असते. समासातल्या खुणांसाठी मला माझे अक्षर थोडे मोठे करावे लागले, पण आता त्याची सवय झाली आहे. लामीची कार्ट्रिजे, म्हणजे शाई भरलेल्या तयार नळ्या, तिच्याच मापाची असतात, दुसऱ्या कंपन्यांची त्यात बसत नाहीत, तेव्हा दौतीतली शाई आवडणाऱ्याला पेन देताना कन्व्हर्टर विसरू नये. आणि शक्य असेल तर पेन शाई भरूनच द्यावे. कोरडे पेन उघडणाऱ्या माणसाला पुढे शाई शोधावी लागते, भरलेले पेन हातात येते तेव्हा तो लगेच आपले नाव लिहून पाहतो.

बारीक निबेचे पाकीट मी अजून उघडलेले नाही. त्या डावखुऱ्या मुलीने लिहिलेले पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. तिच्या पहिल्या दोन ओळींत शिरोरेखा जपून, तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या आहेत, तिसरीपासून त्या सलग होत जातात, आणि पानाच्या तळाशी तिने भाचीला उद्देशून लिहिले आहे, “ही निब कुठे मिळते ते मला सांगशील का?”